घाटी : एका दिशेची शिवी कशी झाली

मुंबई-गोवा महामार्गावर निवळी मागे पडली की हातखंब्याचा तिठा येतो. इथून एक रस्ता पश्चिमेला रत्नागिरी शहराकडे उतरतो आणि दुसरा पालीकडे जातो. पालीला पुन्हा फाटा आहे. सरळ गेलं तर लांजा, राजापूर आणि पुढे गोवा. डावीकडे वळलं तर नाणीज, साखरपा, आंबा घाट, मलकापूर आणि कोल्हापूर. हातखंब्याच्या तिठ्यावर भाजीचा टेम्पो थांबलेला पाहून कोणी 'घाटावरची गाडी' किंवा 'घाटी माल' म्हणालं, तर त्यात शिवी नसते. माल आंबा घाट उतरून आला, एवढीच ती माहिती असते. तोच 'घाटी' शब्द मुंबईच्या एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर उच्चारला की समोरच्याचा चेहरा उतरतो. तिथे तो शब्द कुठल्याच रस्त्याबद्दल बोलत नसतो. तो कपड्यांबद्दल, उच्चारांबद्दल, आईबापांच्या कामाबद्दल बोलत असतो.

एकाच शब्दाच्या या दोन टोकांमध्ये कोकण, देश, मुंबई आणि गोवा यांचा मोठा इतिहास आहे. 'घाटी'चा अर्थ ठरतो तो बोलणारा कुठे उभा आहे आणि समोरच्याशी त्याचा व्यवहार काय आहे यावरून. हा व्यवहार बदलत गेला, तसा शब्दही बदलत गेला.

सुरुवात 'घाट' या शब्दापासूनच करायला हवी. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे नदीत उतरायची जागा, तर आणि नावा लागतात तो धक्का. जिथे माणसं आणि माल यांना थांबावंच लागतं तिथे राज्यकर्त्याचा माणूस जकात घ्यायला बसतो. म्हणून जकातीच्या चौकीला 'घट्टकुटी' हे नाव मिळालं. संस्कृत पंडितांचा 'घट्टकुटीप्रभात न्याय' प्रसिद्ध आहे. जकात चुकवायची म्हणून एक व्यापारी रात्रभर आडवाटांनी भटकतो आणि उजाडल्यावर पाहतो तर नेमका त्याच जकातघरासमोर येऊन उभा. जे टाळायचं तेच शेवटी पुढ्यात येतं, हे सांगायला शास्त्रकारांनी घाटावरच्या चौकीचा दाखला घेतला, इतकी ती चौकी लोकांच्या ओळखीची होती.

नदीचा उतार आणि डोंगराचा उतार यांत वाटसरूच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे वाट अरुंद होते, ओझं सांभाळावं लागतं आणि कोणीतरी पैसे मागायला बसलेलं असतं. सह्याद्रीत 'घाट' म्हणजे डोंगरातून वर-खाली करायची वाट असा अर्थ रुळला. सोपारा-कल्याणच्या बंदरांना जुन्नरशी जोडणारा नाणेघाट याचा सगळ्यात जुना साक्षीदार आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण. जकातीची नाणी त्यात पडत, असं परंपरा सांगते. पुढच्या काळात घाटांवर मेटं आणि चौक्या बसल्या, हिशेब ठेवणारे वतनदार आले. 'घाटपांडे' हे आडनाव त्याच वतनाची खूण आहे.

घाट म्हणजे वाट, डोंगर नव्हे. पण परदेशी लोकांनी समुद्रावरून सह्याद्रीची भिंत पाहिली आणि वाटेचं नाव अख्ख्या डोंगररांगेला देऊन टाकलं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने या अर्थबदलाची नोंद केलेली आहे. आपण आज 'पश्चिम घाट' म्हणतो तो हाच अर्थ. त्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या मुसलमानी राजवटींनी मुलूख मोजताना हा शब्द वापरला होता. वऱ्हाडचे दोन भाग पडत : 'बालाघाट' म्हणजे घाटाच्या वरचा आणि 'पाईनघाट' म्हणजे घाटाच्या खालचा, पूर्णेच्या खोऱ्याचा प्रदेश. घाटाच्या वर की खाली, हा प्रश्न तेव्हा महसुली दफ्तराचा होता. उत्तरेत 'घाटी'चा अर्थ आणखी वेगळा झाला. १५७६ ची लढाई ज्या हळदीघाटीत झाली ती खिंड आहे. पण आजच्या हिंदीत 'काश्मीर घाटी' म्हणजे खोरं. मराठी माणूस घाटी चढतो आणि हिंदी माणूस घाटीत राहतो, याचं कारण हे. मडक्याचा किंवा मूर्तीचा 'घाट' आणि एखाद्या कामाचा 'घाट घालणं' ही मात्र वेगळी मंडळी. ती 'घडणे'च्या कुळातली आहेत, फक्त रूपाने सारखी दिसतात.

रत्नागिरी जिल्ह्यात तर उंचीवरून माणूस ओळखायची रीत फार जुनी आहे. समुद्राकाठची पट्टी ती 'खलाटी', सह्याद्रीच्या पायथ्याकडची ती 'वलाटी' आणि त्याच्याही वर 'घाटमाथा' आणि 'देश'. गावातल्या गावात चढणीची वाट असली तरी तिला 'घाटी' म्हणतात. देशावरून पाहणाऱ्याला हाच सगळा मुलूख 'तळकोकण' दिसतो. खलाटीचा माणूस वलाटीच्या माणसाच्या बोलण्याची नक्कल करतो आणि दोघे मिळून घाटावरच्याची करतात. यात थट्टा आहेच. पण त्या थट्टेच्या मागे रोजची देवघेव होती, हे लक्षात घ्यायला हवं.

ती देवघेव कशी चाले हे जरा जवळून पाहिलं पाहिजे. पावसाळ्यात घाटवाटा बंद. दसरा उलटला, वाटा वाळल्या की वंजाऱ्यांचे तांडे हलत. बैलाच्या पाठीवर पाठाळ, त्याच्या दोन्ही अंगांना गोणी. वरून खाली येताना गोणीत धान्य, गूळ, मिरची, तंबाखू, कापूस. खालून वर जाताना मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी. गाडीरस्ते फार पुढे झाले. तोवर अणुस्कुरा, आंबा, कुंभार्ली या सगळ्या पायवाटाच होत्या. चढणीला बैलाच्या पाठीवर किती वजन झेपेल यावर कोल्हापूरच्या बाजारातल्या मिठाचा भाव ठरे. कोकणात भात पिके, पण ते बाराही महिने पुरेल अशी जमीन नव्हती. देशावर धान्य होतं, पण मीठ नव्हतं. घाटाने या दोघांना एकमेकांच्या दारात आणून उभं केलं होतं.

शिवाजी महाराजांचं १६७१ मधलं एक पत्र याच व्यवहारावर आहे. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं हे पत्र मिठाबद्दल आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त होतं. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडचं मीठ पडून राहणार आणि बंदराचं उत्पन्न बुडणार. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून त्याचा भाव संगमेश्वरच्या मिठाच्या वर न्या, असा हुकूम महाराजांनी दिला. संगमेश्वर हातखंब्यापासून दूर नाही. घाट उतरून येणारा उदमी आपल्या बाजारातून दुसरीकडे जाऊ नये, याची चिंता खुद्द छत्रपतींना होती. ज्याला पुढे घाटी म्हणून हिणवलं गेलं तो माणूस त्या काळी कोकणच्या बाजाराचं गिऱ्हाईक होता आणि त्याची वाट पाहिली जात होती.

माणसंही दोन्ही दिशांनी जात होती. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून देशावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांच्यामागून कोकणातली कितीतरी घराणी पुण्या-साताऱ्याकडे गेली. 'कोकणस्थ' आणि 'देशस्थ' या शब्दांतही हाच वर-खालीचा भेद आहे, आणि त्यावरून घरोघर टोमणे चालत. गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले शिकायला कोल्हापूरला गेले. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं शिक्षण पुण्यात झालं. शिक्षण, नोकरी, दरबार यांतलं बरंच तेव्हा घाटाच्या वर होतं. कोकणातला माणूस वर जाताना लाजत नव्हता आणि घाटावरचा खाली येताना कमीपणा मानत नव्हता.

हे सगळं उलटंपालटं केलं मुंबईने. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५६ ला बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये ती गाडी घाट चढू लागली. या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. अपघात आणि रोगराईने त्यांतले हजारो दगावले. जो घाट चढायला बैलाला दिवस लागे तो आगगाडी काही तासांत पार करू लागली, पण तो रस्ता ज्यांच्या हाडांवर उभा राहिला त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांच्या चिमण्यांनी परळ, लालबाग, भायखळा, वरळी भरून गेली, आणि या गिरण्यांना माणसं हवी होती.

माणसं दोन वाटांनी आली. रत्नागिरीचा माणूस समुद्राने आला. आधी गलबतातून आणि मग आगबोटीतून तो धक्क्यावर उतरला. सातारा, पुणे, कोल्हापूर, नगरचा माणूस घाट उतरून, बहुतेक रेल्वेने आला. गिरणगावात दोघांच्या चाळी शेजारी शेजारी होत्या. गिरण्यांना सगळ्यात जास्त माणूसबळ दिलं ते रत्नागिरी जिल्ह्याने. गावागावांची मंडळं झाली, एका खोलीत गावाच्या नावाने पंधरा-वीस जण राहू लागले, आणि जेवणाच्या खानावळीही कोकणी आणि घाटी अशा वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या. एकाच्या ताटात भात आणि मासळीचं कालवण, तर दुसऱ्याच्या ताटात भाकरी आणि झणझणीत कोरड्यास. कोकणातून येताना ओठांवर बसलेला 'घाटी' हा शब्द इथे रोजच्या वापरात आला.

उलट बाजूनेही शब्द होतेच. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी कुणब्याला मुंबईने 'बाल्या' म्हटलं. त्याच्या जाखडीला आजही 'बाल्या नाच' म्हणतात. गावाकडे तोच माणूस 'चाकरमानी' झाला, चाकरीवर जगणारा. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी आला की त्याला मान मिळे. मुंबईत मात्र 'बाल्या' म्हणजे अडाणी हरकाम्या. कोकणी आणि घाटी एकमेकांना टोचून बोलत, पण संपाच्या वेळी दोघे एकाच फाटकाबाहेर उभे राहत. तोवर हा शब्द बरोबरीच्या माणसांमधला होता.

त्याला खरं विष चढलं ते ज्यांनी घाट कधी पाहिलाच नव्हता त्यांच्या तोंडी गेल्यावर. मुंबईत मालकी पारशी, गुजराती, मारवाडी आणि इंग्रज यांची. हापिसातले कारकून अनेकदा गोव्याचे आणि वसई-साष्टीचे ख्रिस्ती. या घरांत आणि पेढ्यांत भांडी घासणारा, पाणी भरणारा, गोदीत पोती उचलणारा माणूस मराठी होता. त्याला ते 'घाटी' म्हणू लागले. घरगड्याला 'रामा' म्हणत, मग त्याचं नाव काहीही असो. कामवाली 'घाटण' झाली. या लोकांना सातारा कुठे आणि रत्नागिरी कुठे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बोटीने आलेला कोकणी आणि रेल्वेने आलेला सातारकर दोघेही त्यांच्या लेखी घाटीच. जो शब्द कोकणी माणसाने दुसऱ्यासाठी वापरला तो फिरून त्याच्याच अंगावर पडला. खलाटीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला मुलगा मुंबईत घाटी ठरला. शब्दातली दिशा गेली आणि उरली ती फक्त पायरी.

ही पायरी नुसत्या बोलण्यापुरती नव्हती, ती पगारात आणि पाठीवरच्या ओझ्यात होती. मशीद बंदरच्या बाजारात डोक्यावर पोती वाहणाऱ्या कामगारांना ना कायमची नोकरी, ना रजा, ना दुखापतीची भरपाई. त्यांतले बहुसंख्य सातारा-पुण्याच्या डोंगरी तालुक्यांतले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील स्वतः पाटण तालुक्यातले, म्हणजे कुंभार्ली घाटाच्या वरच्या अंगाचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. मंडळं नेमली गेली, मालकाला मजुरी मंडळाकडे भरावी लागू लागली, भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. 'माथाडी' म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. ज्यांना बाजार घाटी म्हणत होता त्यांनी स्वतःसाठी आपल्या कामावरून शब्द निवडला आणि तो कायद्याच्या पुस्तकात नेऊन बसवला. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा क्षण वाटतो.

त्याआधी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली होती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, शंभराहून अधिक माणसं या लढ्यात बळी पडली आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. या चळवळीचं बळ गिरणगावात होतं, कोकणी आणि घाटावरच्या कामगारांत होतं. राज्य मिळालं, मराठी राजभाषा झाली, पण हापिसांत आणि इंग्रजी शाळांत 'घाटी' ऐकू येणं काही थांबलं नाही. उलट आता तो पेशावरून सुटून राहणीला चिकटला. मराठी शाळेतून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, डोक्याला तेल लावणारा तो घाटी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती शेवटी काही राहिलं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. त्या मनोऱ्यांच्या लिफ्टमध्ये 'घाटीपणा' हा शब्द आज मराठी मुलंच मराठी मुलांसाठी वापरताना ऐकू येतात. बाहेरच्याने केलेली अवहेलना आपण आपल्या घरात आणून ठेवली आहे.

गोव्यातही हेच घडलं. तिथे घाटापलीकडून, विशेषतः कर्नाटकातून बांधकामावर आणि शेतावर येणाऱ्या मजुराला 'घाटी' किंवा 'घांटी' म्हणतात. सुरुवातीला अर्थ तोच, घाटावरचा. मग मजुरीचं काम करणारा, आणि शेवटी परका, नकोसा. मुंबईत ज्याने हा शब्द सोसला असेल त्याचाच नातलग गोव्यात दुसऱ्याला तो लावतो.

शब्दाच्या चांगल्या नांदणुकीही आहेत. कांदा-लसणाचा 'घाटी मसाला' दुकानात नावानिशी मागितला जातो आणि वडापावात भुरभुरलेली लसणीची सुकी चटणी 'घाटी चटणी' म्हणून मिरवते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय मराठवाडाभर 'घाटी' याच नावाने ओळखलं जातं. 'घाटीत नेलं' म्हटलं की आता उपचार होतील, असा धीर गोरगरिबांना वाटतो.

आणि घाटाची गरज काही संपलेली नाही. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक अडली. कोल्हापूरच्या बाजूने येणाऱ्या भाजी-दुधाची वाट पाहणाऱ्या रत्नागिरीला तेव्हा पुन्हा कळलं, की घाट बंद पडला तर चुलीपर्यंत झळ पोचते. हापूसच्या पेट्या याच वाटेने वर जातात. मिऱ्या ते नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण होतं आहे ते याच वाटेसाठी. रस्ता रुंद होईल, वेळ वाचेल. पण घाटाच्या दोन्ही अंगांची माणसं एकमेकांवर अवलंबून आहेत, ही शिवकाळातल्या मिठापासूनची गोष्ट तशीच राहणार.

म्हणून हा शब्द बंद करा, असं मी म्हणणार नाही. तो बंद केला तर त्याच्याबरोबर जकातीच्या चौक्या, पाठाळाचे बैल आणि माथाडींचा लढाही विस्मरणात जाईल. कोकणातल्या माणसाने तर तो विशेष जपून वापरावा, कारण त्याच्या आजोबाला मुंबईत याच नावाने हाक मारली गेली होती. शब्द कुठल्या अर्थाने आला हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. कोणी कोणाला घाटी म्हणालं, तर त्याला विचारावं : कुठल्या घाटाचा? आंबा, कुंभार्ली, अणुस्कुरा असं उत्तर आलं तर तो भूगोल झाला, त्यावर बोलता येईल. आणि ज्याला घाटाचं नाव सांगता येत नाही त्याने समोरच्याला काही म्हणण्याआधी हा इतिहास वाचावा.